साठ प्रती

"वर बघू नका, सही करत राहा," ग्लेन्डा म्हणाली आणि तिने पुढचं पुस्तक उघडून बर्नीसच्या हाताखाली सरकवलं.

पुस्तकांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, पार्सलं बांधायच्या टेबलाशी, सत्तरी ओलांडलेली बर्नीस दूसे अंगातला जाड कोटही न काढता बसली होती. पुस्तक तिचंच होतं, आयुष्यातलं पहिलं. गावातल्या कागदाच्या मिलमध्ये, प्रयोगशाळेत, तिची एकोणीस वर्षं गेली. त्या वर्षांत मिलने नदीत काय काय सोडलं ते तिने या पुस्तकात तारीखवार लिहून काढलं होतं. गावाला हे सगळं ठाऊक होतं, पण त्यावर बोलायचं ते आपापल्या स्वयंपाकघरात, तेही खिडकी लावून.

दर्शनी काचेवर एप्रिलच्या कार्यक्रमांचा कागद लावलेला होता. पहिल्या शनिवारी विणकामाच्या नव्या पुस्तकाची लेखिका, मग मूस हरणांच्या शिकारीवर दरवर्षी एक पुस्तक पाडणारा तो मिशीवाला, आणि दहा तारखेला, गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, बर्नीस दूसे. गुरुवारच्या ओळीवर आज सकाळी क्लेटनने पांढरी पट्टी चिकटवली होती. क्लेटन म्हणजे ग्लेन्डाचा भाऊ, दुकानाचा अर्धा मालक. काल मिलच्या साहेबांनी त्याला कॉफी पाजली होती आणि शाळा तुमच्याकडून पुस्तकं घेतात ती आमच्या देणगीतून, याची गोडीगुलाबीने आठवण करून दिली होती. एका कॉफीत गडी विरघळला. कार्यक्रम रद्द, साठच्या साठ प्रती प्रकाशकाकडे परत. चार वाजता कुरिअरची गाडी येणार होती, आणि एकदा गेलेली ही पुस्तकं या गावात पुन्हा येणार नाहीत हे ग्लेन्डाला स्वच्छ दिसत होतं.

पण प्रकाशक परत घेतो ती कोरी पुस्तकं. लेखकाची सही पडली की प्रत कायमची दुकानाच्या गळ्यात. या नियमाला ग्लेन्डाने आजवर शिव्याच घातल्या होत्या. आज तोच देवासारखा धावून आला. तिने बर्नीसला फोन केला आणि मागच्या दाराने बोलावून घेतलं.

पावणेचारला क्लेटन चिकटपट्टीचं रीळ घेऊन आत आला आणि उंबऱ्यातच थबकला.

"हे काय चाललंय?"

"सह्या," ग्लेन्डा म्हणाली. "बेचाळीस झाल्या."

त्याने ढिगातलं वरचं पुस्तक उघडलं, मग त्याच्या खालचं, मग त्याच्याही खालचं. त्याचे कान लालबुंद झाले.

"अक्कल आहे का तुला? सही केलेली घेत नाहीत ते परत!"

"माहितीये. म्हणूनच चाललंय."

"दुकान तुझ्या एकटीचं नाहीये, ग्लेन्डा."

"नाहीच मुळी. मग पट्टी डकवताना मला विचारलं होतंस?"

"साहेबांना काय सांगू मी आता?"

"सांग, बहीण डोक्यावर पडलीये. गावात कुणीही विश्वास ठेवेल."

उरलेल्या अठरा प्रतींचं खोकं भिंतीपाशी होतं. क्लेटन तिकडे वळला, पण ग्लेन्डा दोन ढांगांत त्याच्या आधी पोचली आणि सरळ खोक्यावर बसली.

"ऊठ."

"उचल मला. माझ्यासकट दे कुरिअरला. पत्ता तेवढा नीट घाल."

क्लेटनला हसू आलं नाही. त्याने रीळ खाली ठेवलं आणि तो बर्नीसजवळ जाऊन उभा राहिला. तिची बोटं सांध्यांपाशी फुगली होती. लहान मूल खडू धरतं तसं तिने पेन मुठीत धरलं होतं. त्याचा आवाज खाली आला, आणि ते नाटक नव्हतं. तिच्या शेजारच्या घरातच तो लहानाचा मोठा झाला होता.

"बर्नीसबाई, तुम्ही तरी ऐका. ही आमची हट्टी आहे, पहिल्यापासूनच. पण तुमची पेन्शन मिलची आहे. उद्या त्यांनी काही खुसपट काढलं तर ही येणारे का निस्तरायला? आणि हात बघा केवढा सुजलाय. पुरे करा आता. दुखत असेल."

बर्नीसने पेन टेबलावर ठेवलं आणि ती बोटं चोळू लागली.

पेन्शनचं बोलणं खोटं नव्हतं. भावाशी भांडणं ग्लेन्डाच्या हातात होतं, पण या बाईला आणखी एक सही करा असं कुठल्या तोंडाने सांगणार? बाहेर कुरिअरची गाडी येऊन थांबली. पुढच्या दाराची घंटा वाजली.

"ग्लेन्डा, ऊठ त्या खोक्यावरून," बर्नीस म्हणाली.

ग्लेन्डा उठली. क्लेटनने सुस्कारा सोडला आणि खोकं उचललं.

"इकडे आण," बर्नीस त्याला म्हणाली. "टेबलावर ठेव. मला वाकता येत नाही."

तो खोकं छातीशी धरून तसाच उभा राहिला. पुढे घंटा पुन्हा वाजली. बर्नीस त्याच्याकडे बघत राहिली, आणि शेवटी त्याने खोकं टेबलावर ठेवलं. तिने वरचं पुस्तक घेतलं, पहिलं पान उलटलं आणि पेन उचललं.

"एकोणीस वर्षं रोज संध्याकाळी सही केली मी, क्लेटन," ती म्हणाली. "ते सांगतील त्या आकड्यांखाली. तेव्हा नाही कुणी म्हणालं, बाई, हात दुखत असेल."