तिसऱ्या दिवसाचा धूर

तिसऱ्या दिवशीही विमलबाईंनी ताट सरकवलं, तेव्हा वामनराव भडकले.

"फोन लावू काय तिकडच्या राजाले? म्हणतो, बाप्पा, बंद करा आता लढाई, इकडं बीबी गावात आमची बायको जेवून नाही राह्यली."

ओसरीवर गोकुळ हसला. बापाच्या विनोदाला हसायचं, एवढी एकच शेती त्याला नीट जमत होती. विमलबाई हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. नवऱ्यावर रोज दोनदा खेकसणारी बाई रागावत नाही म्हटल्यावर सून चुलीपासून उठून दारात आली.

झालं होतं एवढंच. परवा सकाळी नात छकुली मोबाइल पाहत होती. त्यात तिकडच्या कुठल्याशा शहरावर बॉम्ब पडलेला. घराच्या ढिगाऱ्यात एक परात. परातीत मळलेलं पीठ, त्यावर सिमेंटचा चुरा, आणि पिठात चार बोटं उमटलेली. बाई कुठं गेली ते दाखवलंच नाही. लगेच साबणाची जाहिरात लागली. तेव्हापासून विमलबाईंचा हात पिठात जात नव्हता आणि घास घशाखाली उतरत नव्हता.

घरानं उपाय केले. सुनेनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. गोकुळनं एसटीत कोंबून बुलढाण्याला नेलं. डॉक्टरनं पोट दाबलं, गॅसेस म्हणाला, गोळ्या लिहिल्या. बातम्या पाहू नका, असं सांगता सांगता त्यानं स्वतःच्या मोबाइलवर आज कुठं किती बॉम्ब पडले ते पाहून घेतलं.

वामनरावांना मात्र लढाई मानवली होती. पारावर बसून ते कोणतं क्षेपणास्त्र किती कोस जातं ते साऱ्या गावाला समजावून सांगत. यांच्या हरभऱ्यात रानडुकरं लोळतात, आणि त्यांना पळवायला यांच्या हातून एक सुतळी बॉम्ब धड फुटत नाही.

"आपलं कोण मेलं त्याच्यात?" त्यांनी बायकोला विचारलं. "नातं काय तुह्यं त्याईच्याशी?"

नातं काहीच नव्हतं. पीठ तेवढं ओळखीचं होतं.

तेवढ्यात तानाबाई आली. बौद्ध वस्तीतल्या कचरूची बायको. वीस वर्षं यांच्या वावरात तण निंदायला येते. गावात तिची ख्याती अशी, की बाई दगडाच्या काळजाची. कारण मयतीच्या घरी पाच दिवस चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी कडू भाकर आणायची, पहिला घास बळंच भरवायचा, हा इकडचा रिवाज. आणि कोरोनात कचरू दवाखान्यातच गेला, त्याचा देहही घरी आला नाही, तर हिनं तिसऱ्याच दिवशी चूल पेटवली. तो धूर विमलबाईंनी स्वतः गच्चीवरून पाहिला होता. तोंडाला पदर लावून गल्लीभर सांगितलाही होता.

एरवी तानाबाई पायरीखाली थांबायची. आज ती सरळ ओसरीवर चढली आणि विमलबाईंच्या समोर मांडी घालून बसली. हातातलं फडकं सोडलं. ज्वारीच्या दोन भाकरी, वर बेसनाचा गोळा.

"हे काय व?" वामनरावांनी विचारलं.

"कडू भाकर."

"मेलं कोण?"

"ते बाईले मालूम. मले सूनबाईनं सांगतलं, ते पीठ पाह्यलं तवापासून जेवत नाही म्हून. मंग मयतच झाली ना घरात." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "अन् तिकडं त्या बाईच्या घरच्याईले भाकर कोण आणन? शेजारीबी त्याच ढिगाऱ्यात असतीन."

गोकुळचं हसू कुठंतरी पडलं. विमलबाईंच्या डोळ्यांतून तीन दिवसांत पहिल्यांदा पाणी आलं.

"तुमच्यात त सुतक पाळतच नाही ना?" वामनराव म्हणाले.

"सुतक नाही पाळत, भाऊ. भाकर आणतो."

तिनं घास पुढं केला. विमलबाईंनी त्या हाताकडं पाहिलं. या हातानं वीस वर्षं यांचं वावर निंदलं. या हातचं पाणी मात्र या घरात कोणी प्यालेलं नव्हतं. आणि हे दळभद्री गणित इतकं पाठ झालेलं, की उपाशी पोटीही ते आठवलं. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं.

वामनरावांनी आपलं सगळ्यात लांब जाणारं क्षेपणास्त्र काढलं.

"तू आमाले रिवाज शिकवतं काय? कचरूच्या तिसऱ्या दिवशी तुह्या चुलीचा धूर साऱ्या गावानं पाह्यला."

विमलबाईंनी मान खाली घातली. तो धूर गावाला दाखवला कोणी, ते त्यांना माहीत होतं.

तानाबाईचा हात होता तिथंच राहिला.

"हाव, पाह्यला असंन. आमच्या वस्तीत घरोघरी माणूस तापानं पडेल होता. तुमच्या इकडचे दारं बंद. म्या अन् लेकरानं दोन दिवस वाटंकडं पाह्यलं, कोणी भाकर घेऊन येते काय म्हून. भाकर कोणाची आली नाही. धूर मातर साऱ्याईले दिसला."

मग ती विमलबाईंकडं वळली आणि घास त्यांच्या ओठांना टेकवला.

"तुमचाबी आज तिसराच दिवस हाये. खा."