कार्डावरचं वय

“आजी, तुमचं वय भरत नाही,” तहसील कचेरीतला कारकून आधार कार्ड परत करत म्हणाला. “म्हातारपणाच्या पगाराला पासष्ट पूर्ण लागतात. कार्डावर तुम्ही छप्पन्न वर्षांच्या आहात.”

ठकूबाईला कार्ड काढल्याचा दिवस आठवला. शाळेत कॅम्प लागला होता आणि ती कांद्याची खुरपणी अर्ध्यावर टाकून आली होती. वय विचारलं तेव्हा घाईघाईत म्हणाली होती, “लिही बाबा चाळीस-पंचेचाळीस.” अंगात बळ होतं, वयाची फिकीर कुणाला होती?

आता गुडघे साथ देत नव्हते, पण जीभ शाबूत होती. तिनं मागं उभ्या असलेल्या लेकीला पुढं ओढलं. “आजी म्हणता आणि वरनं वय नाही म्हणता? ही माझी थोरली. हिचं वय शाळेच्या दाखल्यावरचं आहे, बावन्न. मग मी चार वर्षांची असताना ही झाली होय?”

कारकुनाला हसू आवरेना. त्यानं कोरा कागद ओढला. “सरकारी डॉक्टर तपासून वयाचा दाखला देतात. त्यांना पत्र देतो, तो दाखला आणला की अर्ज घेतो.” मग पाण्याचा ग्लास तिच्यापुढं सरकवत त्यानं विचारलं, “पत्रात अंदाजे वय किती लिहू?”

ठकूबाई सावकाश पाणी प्यायली.

“हे पाणी ज्या धरणाचं, त्याच्या भिंतीवर मी माती वाहिली. तेव्हा ही पोटात होती. धरणाचं वय सरकारला ठाऊक असेल. त्यात माझी वीस मिळवा.”