भट्टीवर लागलेली पैज

संध्याकाळचे पाव भट्टीतून निघाले तरी चिरंजीवांचा पत्ता नव्हता. तिकडे तो पोट भरून, केस कापून मजेत हिंडत असणार, या विचाराने बेकरीवाल्याचा जीव खालीवर होत होता.

पैज सकाळी लागली होती. नव्या भट्टीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम मोबाइलवरच्या क्रिप्टो कॉइनमध्ये टाका, असा धोशा मुलाने कितीतरी दिवस लावला होता. जुनी भट्टी पार थकली होती. लोखंडी सळईचा टेकू दिल्याशिवाय तिचं दार बंद राहत नव्हतं आणि डाव्या कोपऱ्यातले पाव रोज करपत होते. ते काळ्या बुडाचे पाव घरातच संपवावे लागत. पण मुलाचं एकच पालुपद, कॉइन म्हणजे उद्याचा पैसा. शेवटी आज शटर उघडताना बेकरीवाला वैतागला.

"पैसा आहे ना? मग तुझ्याकडे आहे त्या कॉइनवर आजचा दिवस काढून दाखव. चहा पी, जेव, आणि ते मानेवर आलेलं जंगल कापून ये. घरचं खायचं नाही, खिशात नोट ठेवायची नाही. शटर पडेपर्यंत जमलं, तर भट्टीची सगळी रक्कम तुझी."

मुलगा शीळ घालत निघाला. बेकरीवालाही खुशीत पीठ मळायला लागला. या गल्लीत ते कॉइन घेणार कोण?

दुपारी मात्र त्याची खुशी ओसरली. बायको उगाचच गालातल्या गालात हसत होती. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की बाईसाहेब सकाळीच गल्लीत चक्कर मारून आल्या होत्या. चहावाला, खानावळवाली आणि न्हावी, तिघांनाही तिने गळ घातली होती, की पोरगा आला तर त्याचं कॉइन मुकाट्याने घ्या. कॉइनचं अ‍ॅप मुलानेच मागे सगळ्यांच्या मोबाइलवर टाकून दिलं होतं. आजवर ते कुणी उघडूनही पाहिलं नव्हतं.

"अगं, तू कुणाच्या बाजूने आहेस?" त्याने कपाळाला हात लावला.

"पोटाच्या," ती म्हणाली. "पोरगा दिवसभर उपाशी फिरलेला मला चालणार नाही. भट्टीचं तुमचं तुम्ही बघा."

आता बघण्यासारखं उरलं काय होतं? बेकरीवाला शब्दाचा पक्का होता, तिथेच तर त्याची गोची झाली होती. त्यात भर म्हणून पाव न्यायला आलेल्या शिंप्याने बातमी दिली, की कॉइनचा भाव आज सकाळपासून नुसता चढतोय. म्हणजे पोरगा पैज तर जिंकणारच, वर शेखीही मिरवणार. बेकरीवाल्याने भट्टीच्या दाराला सळई पुन्हा नीट लावली. या म्हातारीकडून अजून किती वर्षं काम करून घ्यायचं, या विचाराने त्याला फार वाईट वाटलं.

शटर अर्धं खाली आलं, तेवढ्यात मुलगा वाकून आत शिरला. तोंड सुकलेलं, डोळे खोल गेलेले, आणि केस होते तसेच मानेवर. त्याने करपलेल्यातला एक पाव उचलला आणि उभ्या उभ्या संपवला. आईने घाईघाईने पाणी पुढे केलं. नवऱ्यापेक्षा तीच जास्त चक्रावली होती. शब्द देऊन फिरलेल्या त्या तिघांना उद्या चांगलं फैलावर घ्यायचं, हे तिने मनाशी ठरवूनही टाकलं.

"कुणीच घेतलं नाही का रे?" बेकरीवाल्याने विचारलं. आवाजातला आनंद काही केल्या त्याला लपवता येईना.

मुलाने दुसरा पाव उचलला.

"घेत होते की सगळे. न्हाव्याने तर दोनदा खुर्चीत बसवलं. पण भाव इतका चढत होता, बाबा... मलाच देववेना."