बह्याडाचं तत्त्वज्ञान

प्राध्यापक खांबेट्यांनी मोबाइलवर स्वतःचं नाव शोधलं आणि चहाचा कप ओठांशीच थांबला. आयुष्यभर खपून लिहिलेले आत्मतत्त्वाचे तीन खंड पार तळाला होते. सगळ्यांत वर, त्यांच्याच फोटोखाली, त्यांनी जन्मात न उच्चारलेलं वाक्य झळकत होतं : ‘सत्य शोधायला निघालेल्या बह्याडानं आधी दुधाची पिशवी आणावी.’ त्यावर लाखभर माणसं हसली होती. उद्या नागरी सत्कार. अध्यक्षांनी हे पाहिलं की संपलंच!

पहिला संशय शेजारच्या दामल्यांवर गेला. हल्ली ते जिन्यात उगाच हसायचे. मग नापास केलेल्या विद्यार्थ्यांवर. पण पुण्यात मूर्खाला ‘बह्याड’ कोण म्हणतं? अख्ख्या सोसायटीत अकोल्याचं माहेर एकीचंच, आणि ती आत मेथी निवडत होती.

“हे तुझं काम?”

“माह्यंच,” बायको मान वर न करता म्हणाली. “रोज सकाळी ओट्याशी हेच म्हणते, तुम्ही ऐकता कुठं? आधी माह्या नावानं टाकलं, तर कुत्रं विचारेना. मग तुमचं नाव लावलं. वाक्य माह्यं, वजन तुमचं!”

आता हिच्यासमोरच खुलासा करावा, म्हणून त्यांनी संयोजकांना फोन लावला.

“सर, उद्या ते दुधाचं वाक्य म्हणाच हं! त्याच्यामुळेच तर कमिटीनं तुमचं नाव काढलं.”

खांबेट्यांनी “बरं,” म्हणून फोन ठेवला आणि हळूच विचारलं, “अगं, आणखी एखादं आहे का?”

“आहे की. आधी दूध आणा.”