परातीएवढा गोल

पीठ कधी खोटं बोलत नाही, असं अलेक्झांड्रियातला कीडनाशकवाला उस्ता बिशारा गंभीरपणे सांगे. त्याच्या बायकोचा अनुभव वेगळा होता, पण ती पावाबद्दल बोलत असे.

औषध मारण्याआधी तो गिऱ्हाइकाच्या घरी तीन रात्री जमिनीवर पीठ चाळून ठेवी आणि सकाळी त्यावरचे माग पाहून कीड ओळखी. त्याच्या एक गिऱ्हाईक, म्हाताऱ्या सित्त इन्साफ, म्हणजे इन्साफबाई, एकट्याच राहत. त्यांच्याकडे झुरळं होती, यात वाद नव्हता. फक्त पहिल्या सकाळी दाराशी बशीएवढा एक गोल कोरा राहिला होता. सगळे माग त्याला वळसा घालून गेले होते.

दुसऱ्या सकाळी तो गोल दिवाणखान्यात होता. तिसऱ्या सकाळी पलंगापाशी, आणि परातीएवढा.

बिशाराने चाळण खाली ठेवली. "सित्त, आज लेकीकडे झोपा."

"का? झुरळांकडे पाहुणे यायचेत?"

"तीस वर्षं हे काम करतोय. झुरळं असा वळसा कशालाच घालत नाहीत."

"ती घाबरली तर घाबरू देत. तू कशाला घाबरतोस? चहात साखर किती घालू?"

त्याने पुन्हा विनवलं.

"बरं बाबा, रात्री पलंगावर चढले की वरूनच चारी बाजूंनी पीठ टाकते. मग तर झालं?"

चौथ्या सकाळी आतून ओ आली नाही, तेव्हा शेजारणीने आपल्याकडच्या किल्लीने दार उघडलं. पलंग रिकामा होता. भोवतीच्या पिठावर एकही पाऊल उमटलं नव्हतं.

घरात झुरळ मात्र एकही उरलं नव्हतं.