जयमालाचं उपकरण

जयमाला बाळंतपणासाठी पिंपळगाव राजाला माहेरी आली आणि पुण्याच्या प्रयोगशाळेतलं तिचं काम प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी तिच्या हाताखालच्या वकारला देऊन टाकलं. सेंद्रिय रेणूंच्या पातळ थरातून इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याची फिरकी, न विस्कटता पार नेणारं उपकरण तिनं वर्षानुवर्षं खपून चालतं केलं होतं. शोधनिबंधावर आता तिचं नाव नव्हतं. त्यामुळे वकारचा फोन आला तेव्हा ती आधीच पेटलेली होती.

"ताई, साध्या तापमानाले स्पिन काऊन टिकतो, ते एकदा सांगता का?"

"काम माह्यं, नाव तुह्यं, अन् समजावून बी मीच सांगू? लाज वाटत नाही तुले? सर म्हणले, 'आता लेकरू सांभाळ, संशोधन तुझ्यानं व्हायचं नाही.' तो थर कसा बसवला, हे त्यायले तरी माहीत हाये का?"

"नाही, ताई," वकार शांतपणे म्हणाला. "मलेबी माहीत नाही. मी तसंच सांगितलं इथं. फोन स्पीकरवर हाये. सर अन् हे काम तपासायले बाहेरून आलेली समिती, सगळे आयकून राह्यले."

जयमालानं बाळ आईच्या मांडीवर दिलं.

"मंग पहिल्यापासून आयका," ती म्हणाली.