लस टोचलेल्या पोराचं बोरन्हाण

शलाकानं बोरं, चुरमुरे आणि हलवा तीन वर्षांच्या इंद्रनीलच्या डोक्यावर ओतला. पोरगं ढिम्म बसून राहिलं. जमलेलं एकही मूल वेचायला धावलं नाही. कशाला धावेल? सगळ्यांना सहाव्या महिन्यातच अनुभवाची लस टोचलेली. बालपणातले चटके, धडपड, आंबट-गोड, सगळं आयतं डोक्यात भरलेलं. आईबापांची कटकट मिटली!

मग धाकट्या जावेची, कुंदाची, पोर पाटावर बसली. तेवढ्या तिलाच लस टोचलेली नव्हती. बोरं अंगावर पडताच तिनं भोकाड पसरलं.

"तरी सांगत होते, टोचून घे म्हणून," शलाका हसली.

"थांबा हो वहिनी जरा," कुंदा म्हणाली.

पोरीनं हुंदके देत एक बोर चावलं आणि तोंड वाकडं करून थुंकलं. दुसरं गोड निघालं. तिसरं मात्र तिनं आधी दाबून बघितलं, मऊ लागलं तेव्हाच तोंडात टाकलं.

डोळ्यांदेखत ती एवढीशी पोर शिकली होती. शलाकानं पिकलेलं बोर इंद्रनीलपुढे धरलं.

"खा, राजा."

"बोर आंबट असतं."

"अरे, हे गोड आहे! चावून तर बघ!"

त्यानं मुकाट्यानं चावलं, गिळलं. "आंबट."

शलाकाचा हात कधी उठला ते तिलाच कळलं नाही. गोऱ्या गालावर पाच बोटं लालभडक उमटली. इंद्रनील रडला नाही. तिच्याकडे बघत शांतपणे म्हणाला,

"आई मारत नाही."